बगळ्याची वाकडी करंगळी

५ जानेवारी, सोमवार
शाळेच्या कॉम्प्युटर लॅबची किल्ली मिळाली, आता आठवीला शिकवायचं. त्यासाठी मोठ्या बाईंच्या ऑफिसबाहेर तासभर उभा होतो, जणू मीच आठवीत नापास झालोय. अकरा कॉम्प्युटर, चालू सहा. सातव्यावर मांजर झोपतं. उबदार असतो म्हणजे काहीतरी चालू असणार.

जिल्ह्याची विद्यार्थी डिजिटल चित्र स्पर्धा आहे. विषय 'माझं शहर', म्हणजे सुरत. पोरांनी काढलं काय, तर पूल, हिरा, हिरा, पूल. सगळं नेटवरून उचललेलं. म्हटलं, पांडेसऱ्यात कोणाच्या घरी हिरा आहे रे? एक जण म्हणाला, "दादा, तुमच्या कानात." आहे, पण काचेचा.

नवीन फाइल कशी उघडायची ते दाखवताना बोटांनी आपोआप साडीच्या पदराचं माप टाकलं. रिंग रोडवर शेठच्या डिझाइन ऑफिसात दोन वर्षं तेच टाकत होतो. राहू दिलं. मापात काय एवढं.

जागृती म्हणून आठवीतली एक मुलगी आहे. सुटताना विचारते, "दादा, खाडीचा रंग कोणता?"
म्हटलं, काळा.
"सोमवारी नसतो."

८ जानेवारी, गुरुवार
लॅबच्या मागच्या खिडकीतून खाडी दिसते. जागृती माझ्या मोबाइलवर रोज फोटो काढते. मिलमध्ये ज्या रंगाचं कापड त्या रंगाचं पाणी. सोमवारी राणी, काल मोरपंखी, आज हळद कालवल्यासारखं. फोटोतला रंग जसाच्या तसा उचलून ती ब्रशमध्ये घेते. मी त्या खाडीवरून हजार वेळा गेलोय, नाक दाबून. नाकासोबत डोळेही मिटले होते बहुतेक.

एवढा रंग पाण्यात सोडतात आणि शाळेत रंगपेटी मागितली की म्हणतात, बजेट नाही.

१० जानेवारी, शनिवार
जागृतीचं चित्र आज कळलं. खाडीत बगळे उभे. अंग पांढरं, पाय गुडघ्यापर्यंत रंगलेले, ज्याचे त्याचे वेगळे. पंख म्हणजे माणसाचे हात. आईच्या हाताचा फोटो काढून, कापून, उलटसुलट लावलाय. आईची, सुनंदाताईंची, डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. लूमच्या पट्ट्यात सापडली होती. त्यामुळे प्रत्येक पंखाचं शेवटचं पीस बाहेर वळलेलं.

मी म्हटलं, ते बोट सरळ करून घे, दोन मिनिटांचं काम.
"मग आई कशी होईल ती?"
 असलं चित्र मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
आज शेवटची तारीख आणि लॅबच्या डब्ब्यांवर फाइल उघडेना. ती फक्त पेनड्राइव्हवर होती, तो घेऊन रिंग रोडला गेलो, शेठच्या ऑफिसात. तिथल्या पंकजने त्याची खुर्ची दिली, वर टोमणा, "आला भटका मास्तर." फाइल डेस्कटॉपवर उतरवली, कडा साफ केल्या, सगळे लेयर, म्हणजे चित्राचे सुटे थर, एक केले, पाठवून दिली. लेयरवाली मूळ फाइल फार जड, पेनड्राइव्ह भरला होता, उडवली. ऑफिसात हेच शिकलो. फाइल सपाट करायची, हलकी ठेवायची, नाव टाकायचं नाही.

तिथून मांजा घ्यायला पतंगबाजारात, डबगरवाडला. एक म्हातारा मांजा घासत होता, त्याच्याशीच दोन तास गेले.

१६ जानेवारी, शुक्रवार
मान भाजली. बोटं कापली. काल वासी, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं उत्तरायण, परवाचं जोरदार. शाळेत गेलो नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
चित्र बाद.

पत्रात एक ओळ: बाजारातील छापील साडीवरून नक्कल. परीक्षकांतल्या एका मॅडमच्या मोबाइलवर तीच साडी आली होती म्हणे. मोठ्या बाईंनी वर्गासमोर विचारलं, "कुठून उतरवलंस गं?" वर्गासमोर. दार लावून नाही विचारता आलं? मी म्हटलं, बाई, माझ्या डोळ्यांदेखत काढलंय. त्या म्हणाल्या, "तुझे डोळे जागेवर असतात कधी?"

 जागृतीने आधी कॉम्प्युटर नीट बंद केला, मग मॉनिटर, मग खुर्ची आत सरकवली. मग गेली.

आठवीतली पोरगी साडीवरून चोरेल. आणि साडीवाले तिच्याकडून चोरतील, हे यांच्या डोक्यातही येत नाही. मोठ्यांनी केलं की डिझाइन, पोरांनी केलं की नक्कल.

२८ जानेवारी, बुधवार
जागृती शाळेत नाही. घरी गेलो. खोलीभर साड्या. सुनंदाताई घरबसल्या जॉबवर, नगामागे पैसे घेऊन, साड्यांना टिकल्या चिकटवतात, बोटांवर गोंद सुकलेला. मला पाहून त्यांनी मांडीवरच्या साडीचा पदर ताणून धरला.

"भाऊ, हाई देख. हाऊ मना हात शे."

बगळेच. गुडघ्यापर्यंत रंगलेले. पंखाचं शेवटचं पीस बाहेर वळलेलं, प्रत्येक पंखाला, पदरभर. ताईंनी स्वतःचा हात त्यावर ठेवला. करंगळी करंगळीवर बसली. त्या हसल्या. मग पोरीकडे बघून हसू आवरलं.

गठ्ठ्यावर चिठ्ठी: 'फ्लेमिंगो'. फ्लेमिंगो म्हणे. पांडेसऱ्याच्या खाडीतले बगळे आहेत ते, फुकट रंगलेले.

"दोन दिवसांपासून मी हेच चिकटवतेय," ताई म्हणाल्या. "म्हटलं कुठंतरी पाहिलंय. आपलाच हात, लवकर ओळखू येत नाही."

जागृती भिंतीकडे तोंड करून बसलेली. कोणी छापलं ते शोधून काढतोच, असं सांगून आलो. आवाज चढवून. सगळ्या चाळीला ऐकू गेलं असेल.

२९ जानेवारी, गुरुवार
आधी सचिन गावाला गेलो, मग कडोदऱ्याला. एकेका छपाईवाल्याला ताईंकडची साडी दाखवत फिरलो. कडोदऱ्याचा माणूस बरा होता, चहा पाजला आणि सांगितलं, फाइल रिंग रोडवरून आली. ऑफिसचं नाव सांगितलं.

तेच ऑफिस. शेठचं.

तिथे जाऊन पंकजवर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "तूच ठेवलं होतंस ना डेस्कटॉपवर? पदराच्या मापात, सपाट केलेलं, नाव नसलेलं. आम्हाला वाटलं काम मागायला सँपल आणलंस. शेठ खूश होता."

शेठ आतून बाहेर आला. "अरे, सुरतमां डिझाइन कोनी? जेनुं मशीन चाले एनी." ज्याचं मशीन चालतं त्याची. वर म्हणतो, सोमवारपासून ये कामावर.

काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. पण दोन वर्षं याच खुर्चीत बसून मीही हेच केलं. समोर फोटो यायचा, मी उतरवायचो. कोणाचा, कधी विचारलं नाही. त्यांतही कोणाच्या आईचा हात असेल.

डेस्कटॉपवर ठेवली. माझा हात. म्हातारा मांजा घासत होता आणि मी

३० जानेवारी, शुक्रवार
मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सोमवारी अपिलाला बोलावतील, मी फोन करते. पुरावा लागेल. लेयरवाली फाइल आण."
म्हटलं, उडवली. मोबाइलवरचे फोटोही, जागेसाठी.
"शाबास." एवढंच. यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

३१ जानेवारी, शनिवार
जागृतीच्या घरी सांगून आलो. उभ्याउभ्याच, बसायची हिंमत नव्हती.

जागृती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच."
म्हटलं, हो. मुद्दाम नाही. पण हो.
मग मी घाईघाईने म्हणालो, तू परीक्षकांसमोर परत काढून दाखव, मी शेजारी बसतो. माझ्याकडे बघून म्हणाली, "मी एकदा काढलंय."

ताई टिकल्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी येसु. साडी लयसु, हात लयसु." साडी आणणार, हातही आणणार.
मी म्हटलं, साडी तिथे दाखवली तर जॉबवाला परत गठ्ठा देणार नाही, ताई.
"माले माहीत शे."
जागृती चिडली, "तू नको येऊस, आई. ते तुझ्या हाताकडे बघतील."
"बघू दे ना. तू बघितलाच ना?"

१ फेब्रुवारी, रविवार
मी राहतो त्या मावशीच्या घरी पिशवी भरून ठेवलीय. नाशिकची बस साडेअकराला. आजवर असं काही झालं की मी निघालोच. धुळ्याहून निघालो, दमणहून निघालो. मावशी म्हणाली, "जायचंच तर डबा भरते." ती कधीच अडवत नाही. तोच तर वैताग आहे.

परीक्षकांना पत्र लिहायला बसलो. 'सदर फाइल माझ्या निष्काळजीपणामुळे' इथपर्यंत चार वेळा. साडेअकरा वाजून गेले. डबा खाल्ला.

२ फेब्रुवारी, सोमवार
तीन परीक्षक, मोठ्या बाई, ताई, मी. जागृती दाराशीच थांबली, आत आली नाही, गेलीही नाही.

ताईंनी रॉकेल लावून बोटांचा गोंद काढून आणला होता. खोलीभर वास. साडी टेबलावर पसरली, डावा हात पंखावर ठेवला.  मोबाइलवाल्या मॅडम वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा हात शेजारच्या पंखावर ठेवून पाहिला. बसला नाही.

परीक्षकांतल्या जाड सरांनी फक्त विचारलं, "मग ही फाइल बाजारात गेली कशी?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारातूनही. पत्र खिशात होतं, काढलं नाही. उभं राहून सांगितलं. डेस्कटॉप, पदराचं माप, मांजा, सगळं. मोठ्या बाई पहिल्यांदाच मधे बोलल्या नाहीत.

"विचार करून कळवतो," असं म्हणाले. कशाचा विचार? करंगळी समोर आहे. पण ठीक.

रिक्षात तिघं. ताई साडीची घडी घालत होत्या. जागृतीने हात पुढे केला. "पेनड्राइव्ह द्या."
दिला. उरलेलं सपाट चित्र त्यातच. तिने तो आईच्या पिशवीत नाही ठेवला, स्वतःच्या मुठीत ठेवला. म्हटलं, उद्या तास आहे, येशील ना?

ती बाहेर बघत होती. रिक्षा खाडीच्या पुलावर होती.
"आज हिरवं आहे," म्हणाली. आईला.