विचार करताना हसल्याबद्दल मेमो

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चिरंजीवांचे मत वेगळे आहे, पण त्यांच्याकडे दाखला नाही.

१. राहते घर मुलगा आणि सून यांना निम्मे-निम्मे. मुलगा गुणी आहे; फक्त कोडे दिसले की आधी उत्तराचे पान उघडतो.

२. हत्यारांची पेटी सुनेला. ती घरात आली त्याच महिन्यात मिक्सर बंद पडला. मुलगा म्हणाला, "नवा घेऊ." मिक्सरचे सगळे भाग जमिनीवर मांडून बसलेली सून म्हणाली, "थांब ना, आत्ता कुठे मजा यायला लागलीय!" पेटीचा वारस तेव्हाच ठरला.

३. कपाटातला मेमो आमच्या साहेबांना परत करावा. इस्पितळाची लिफ्ट काही दुपारी मजल्यांच्या मध्येच अडकायची. एकदा एक बाळंतीण आत अर्धा तास अडकली. साहेबांनी मोटर बदलली, दोर बदलला, मग मला बदलायचे मनावर घेतले. मी लिफ्टमध्ये स्टूल टाकून नऊ दिवस वर-खाली करत बसलो.

"काय करताय?"

"विचार."

"मग हसताय कशाला?"

"मजा येतेय, साहेब."

लगेच मेमो आला: कामाच्या वेळेत काम न करता हसत बसणे.

दहाव्या दिवशी उमगले. ज्या दुपारी शेजारच्या धोबीखान्यात ब्लँकेटे वाळवत, त्या दुपारी भिंतीतल्या भोकातून वाफ येऊन लिफ्टच्या दाराच्या स्विचवर बसे आणि दार उघडे आहे असे समजून लिफ्ट थांबे. मूठभर सिमेंटने भोक बुजवले. पुन्हा कुणी अडकले नाही. साहेब म्हणाले, "एवढंसंच होतं, तर नऊ दिवस कशाला लावले?" पुढे त्यांचा सत्कार झाला, त्वरित निर्णयाबद्दल.

४. स्वयंपाकघरातला नळ चार वर्षे शीळ घालतो आहे, तीही फक्त रविवारी. का, ते मला अजून कळलेले नाही. ही चार वर्षे फार छान गेली. चिरंजीवांनी तो परस्पर बदलल्यास त्यांचा हिस्सा सुनेकडे जाईल. तिला कारण सापडले, तर तिने ते कुणाला तरी सावकाश, पहिल्यापासून समजावून सांगावे. ते ऐकायला मी नसेन, एवढेच काय ते मनाला लागून राहिले आहे.

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही, आधी वाचून, दोन चुका सुधारून)

लिहून देणार: लिफ्टवाले काका (सही)
ठिकाण: राहते घर
दिनांक: सात मार्च