दहाच्या दहा चूक

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (पत्रातूनच, प्रत्यक्षात आता गुडघे ऐकत नाहीत). तुझा खोकला कसा आहे? वहिनीची मान? शाळेत गणित शिकवणं सुटलं तरी भाजीवाल्याच्या बेरजा तपासणं तू सोडलेलं नाहीस, असं वहिनीकडून कळलं. आम्ही सगळे मजेत आहोत. फक्त तुझे मेहुणे हरले आहेत, आणि ते सविस्तर कळवावं अशी त्यांचीच आज्ञा आहे.

यांच्या कानांचा तोरा तुला ठाऊकच आहे. लाऊडस्पीकरच्या कारखान्यात, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत बसून यांनी जन्मभर आवाज तपासले. कुठला स्क्रू ढिला आहे ते डबा न उघडता सांगायचे. (चहा झाला म्हणून मी आतून तीनदा ओरडले तर ऐकू जात नाही, पण तो दोष कानांचा नव्हे.) गाणं ऐकताना चेहरा दगडासारखा, मात्र काही खटकलं की डाव्या पायाचा अंगठा टुणकन वर उडतो. आमच्या लग्नात तू गायलास तेव्हा तो कसा नाचत होता, मी शेजारीच बसले होते. तोंडाने मात्र हे 'वा, दादा, वा' म्हणत राहिले, आणि तू आणखी एक गाणं म्हटलंस.

तर आपल्या चिमणीने (तिशी आली, तरी आपली चिमणीच) लग्नासाठी मुलगा पसंत केला. मुलगा सालस आहे, आवडलेलं मागून घेतो, खाल्लेली ताटली स्वतः उचलतो. पण धंदा काय, तर गाणी आवळणं! मूळ रेकॉर्डिंगमधलं बरंचसं काढून टाकून ते फोनमध्ये मावेल एवढं करायचं. हे ऐकलं आणि यांच्या घशात घास अडकला. मुलाने समजवायचा प्रयत्न केला. मला म्हणाला, "काकू, मघाशी मिक्सर चालू असताना काका काय म्हणाले?" मला कसं कळणार! "तेच तर. मोठ्या आवाजाच्या आडोशाला असलेला बारीक आवाज कानाला लागतच नाही. मग तो जपायला जागा का अडवायची?" (आमचा संसार इतकी वर्षं याच शास्त्रावर चालला, पण त्याचा पगार कुणी दिला नाही.) पुढे म्हणाला की भांडं आदळलं की त्यानंतरची कुजबुज तर झाकली जातेच, पण आदळण्याच्या अगदी आधीचीसुद्धा झाकली जाते. शिवाय फार वरचे स्वर वय झालं की ऐकूच येत नाहीत. हे शेवटचं सांगताना त्याने यांच्याकडे बघायला नको होतं.

झालं. यांनी जाहीर केलं की गाण्यातलं चोरणाऱ्याच्या घरात आमची मुलगी जाणार नाही. चिमणी रडकुंडीला आली. शेवटी अट ठरली: एकाच रेकॉर्डिंगचे अस्सल आणि आवळलेले असे तुकडे मागोमाग वाजवायचे, दहा वेळा. यांनी अस्सल ओळखलं तर लग्न विसरायचं; नाही ओळखलं तर यांनी कायमचं गप्प बसायचं. मुलाने कुठलं रेकॉर्डिंग आणावं? टाळ्यांचं! वर आपणहून सांगतो की टाळ्या या शास्त्राला जड जातात, पकडायच्या तर तिथेच पकडता येईल. (असला भोळा वकील कुणाला मिळू नये.) हे चष्म्यावरून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

मग यांचे कपाटाएवढे स्पीकर पुसले गेले, पंखा बंद झाला, मला मटार सोलायची मनाई झाली. आधी कुठला तुकडा वाजवायचा ते चिमणी चिठ्ठ्या काढून ठरवत होती. हे डोळे मिटून, पाय लांब करून बसले. प्रत्येक वेळी भरपूर विचार करून 'पहिलं' किंवा 'दुसरं' म्हणाले. निकाल काय? दहाच्या दहा चूक! एकही बरोबर नाही! जन्मभर दुसऱ्यांचे ढिले स्क्रू शोधणाऱ्याची अशी दैना झाली. कान गेले, करा लग्न, असं म्हणून हे उठले. चिमणीने यांना अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला. आता हे येईल-जाईल त्याला स्वतःच आपली फजिती सांगतात. तूही चिडवायचं ठेवू नकोस.

लग्नाची तारीख ठरली की कळवते. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता.क. वरचं पत्र यांनी वाचून पसंत केलं. हा खालचा मजकूर मात्र पोस्टाच्या पेटीवर कागद टेकवून लिहिते आहे. दादा, मी समोरच बसले होते. दहाही वेळा एका तुकड्याला अंगठा उडायचा, आणि हे अगदी तोच अस्सल म्हणून सांगायचे. मला तेव्हाच रडू येत होतं. मान खाली घालायला मटाराचं निमित्तही नव्हतं.

ता.ता.क. मुलगा नंतर कप विसळायला आला. नळ मुद्दाम मोठा सोडून माझ्या कानाशी म्हणाला, "काकू, नुसतं ठोकून दिलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. सगळी चुकवायला कान लागतात." तुझ्या हे आधीच लक्षात आलं असेल. तेव्हा वरचं पत्र घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव आणि हा खालचा तुकडा फाडून टाक. यांना ती फजिती हवी आहे.

आणि लग्नात तू गायचंच आहेस. यांना मी बूट घालून बसवते.