सत्त्याण्णवातली एक धाव

मी, लेनर्ड जॉर्ज व्हाउल्स, वय चोवीस, राहणार ब्रॅम्बरी, धंद्याने काउंटीचा पगारी फलंदाज आणि सध्या राजाच्या पायदळातला शिपाई, हे मृत्युपत्र माझे डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला पलटणीच्या डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या आईचे मत वेगळे आहे, पण कायदा आईचे मत विचारात घेत नाही.

शिपायाच्या पगारपुस्तिकेत मृत्युपत्रासाठी शेवटी एक पान असतेच. सार्जंट म्हणाला, एक ओळ लिही, खाली सही ठोक आणि जेवायला चल. पण माझे एका ओळीत भागत नाही. मंगळवारी आम्हाला बोटीने कुठेतरी नेणार आहेत. कुठे ते सांगायला मनाई आहे, आणि मला ते माहीतही नाही. टोप्या मात्र उन्हाळी दिल्या आहेत. तोवर मी रजेवर ब्रॅम्बरीला आलो आहे, आणि मंगळवारच्या आत एका व्यक्तीने माझ्याशी दोन शब्द बोलावेत एवढीच माझी इच्छा आहे. ती व्यक्ती एकोणीस महिने माझ्याशी बोललेली नाही. बोललीच नाही, तर जे तोंडाने सांगायचे राहिले ते तिला या कागदातून कळावे.

कायद्याची बाजू मिस्टर टट सांभाळत आहेत. ते उन्हाळ्यात आमच्या सामन्यांची धाववही लिहितात आणि बाकी वर्षभर वकिलाच्या कचेरीत कारकुनी करतात. त्यांनी आधीच बजावले आहे की दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला या कागदातून काही मिळणार त्याने साक्ष करायची नाही. केली तर सही चालते, पण मिळायचे ते जाते.

कलम पहिले: घर. मला घर नाही. आईच्या घरातली मागची खोली माझी म्हणतात. ती मुळात आईचीच, तेव्हा ती तिला देण्याचा मोठेपणा मी मिरवत नाही. टपाल कचेरीतली शिल्लक मात्र मिसेस एडा व्हाउल्स, म्हणजे आई, हिला द्यावी. त्यातून तिने माझ्या नावाचा दगड बसवू नये, कोळसा भरावा. दगडाने पाय गरम होत नाहीत.

कलम दुसरे: विद्या. माझ्या पलंगाखाली भूमितीचे एक पुस्तक आहे. ते शिक्षक तयार करण्याच्या त्या कॉलेजला परत करावे, जिथे मी दीड वर्ष होतो. काउंटीचे बोलावणे आले ते नेमके भूमितीच्या पेपरच्या सकाळी. पेपर साडेदहाला होता आणि गाडी दहाला. मी गाडी पकडली आणि आईला कळवले की कॉलेजात गोवराची साथ आहे, सगळ्यांना सुट्टी दिली आहे. तीन आठवड्यांनी तिने वर्तमानपत्रात धावफलक वाचला: व्हाउल्स, पायचीत, शून्य. मी घरी आलो तेव्हा ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "गोवर बरा झालेला दिसतोय." त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणे झाले नाही. पुस्तकाच्या चौतिसाव्या पानावर एका मुलीचे चित्र आहे. ते माझ्या हातचे आहे, लेखकाचे नव्हे.

कलम तिसरे: खिळा. आमच्या मैदानावर पगारी खेळाडूंची खोली कोळशाच्या कोठारामागे आहे. तिच्या खिडकीला काच नाही आणि सात जणांत मिळून तीन खिळे आहेत. हौशी खेळाडूंची, म्हणजे ज्यांना खेळण्याचे पैसे लागत नाहीत अशा साहेबलोकांची, खोली वर सज्जाला लागून आहे, आणि तिथे आरसा आहे. ते मधल्या फाटकातून मैदानात उतरतात, आम्ही बाजूच्या. सलामीला एकच जोडी जायची असली तरी आमचे कप्तान मिस्टर रॉडनी फॅन्शॉ मधून येत आणि मी कोठारामागून, आणि खेळपट्टीवर भेटल्यावर आम्ही एकमेकांना सुप्रभात म्हणत असू. युद्धाने समता आणली म्हणतात. फॅन्शॉसाहेब आता माझ्याच कंपनीचे कॅप्टन आहेत आणि माझी पत्रे वाचून पुढे पाठवतात. तर, ज्या खिळ्यावर मी तीन हंगाम पँट टांगली तो उपटून फॅन्शॉसाहेबांना द्यावा आणि त्यांच्या आरशाशेजारी ठोकावा. कारण कलम चौथ्यात कळेल. साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर कृपया खोडू नका.

कलम चौथे: बॅट. ती जेबेझ येंडल यांना.

येंडल म्हणजे आमचे म्हातारबा. बावीस वर्षे काउंटीसाठी खेळले, मधली चार मागच्या युद्धात गेली ती वेगळी, आणि तिथून डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन आले. थंडी पडली की तो तुकडा त्यांना पावसाची वर्दी देतो, आणि ती सहसा चुकत नाही. मला पुढच्या पायावर खेळायला त्यांनी शिकवले. माझा पाय चुकला की ते बॅटच्या मुठीने त्यावर टोला देत. उजवे नख अजून काळे आहे. ते माझ्याबरोबर जाईल, त्याची वाटणी नको. आज मैदानाच्या कडेला सरकारने बटाटे लावले आहेत, सामना एक होत नाही, तरी म्हातारबा मधल्या खेळपट्टीवर रोज रोलर ओढतात. जर्मन आले तर निदान चेंडू सरळ येईल, असे म्हणतात.

ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांचा बेनिफिट सामना झाला, म्हणजे निवृत्त होणाऱ्या पगारी माणसाच्या मानाचा सामना. अशा सामन्यात मानकऱ्याला पहिला चेंडू सोपा टाकायचा आणि एक धाव काढू द्यायची, ही रीत आहे. ती कुठल्या नियमपुस्तकात नाही, पण ती मोडणाऱ्याला काउंटीतल्या कुठल्याही गुत्त्यात कोणी शेजारी उभे राहू देत नाही.

म्हातारबा आले तेव्हा दुसऱ्या टोकाला मी होतो, चौऱ्याण्णववर. आयुष्यात मी शंभर केले नव्हते. गोलंदाजाने बाळाला घास भरवावा तसा चेंडू टाकला. म्हातारबांनी तो मिड-ऑफकडे ढकलला. मिड-ऑफ, भला माणूस, बुटाची नाडी बांधायला खाली बसला. म्हातारबांनी हाक दिली, "चल, व्हाउल्स," आणि ते पळत सुटले.

आजवर मी सगळ्यांना सांगितले की गर्दीच्या गलक्यात मला हाक ऐकू आली नाही. हे खोटे आहे. गलका नव्हता. म्हातारबा शून्यावरून सुटेपर्यंत तीन हजार माणसे श्वास धरून बसली होती. चहाच्या तंबूत कोणी साखर ढवळत होते, तो चमचासुद्धा ऐकू येत होता.

मी त्या तंबूकडेच पाहत होतो. तिथे म्हातारबांची मुलगी ऑलिव्ह किटली घेऊन उभी होती आणि फॅन्शॉसाहेबांकडे पाहून पोट धरून हसत होती. माझ्याकडे पाहून ती तशी कधी हसली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हाक ऐकली, पण पाय हलले नाहीत. ही पहिली चूक, आणि तिची मला तितकीशी लाज वाटत नाही.

दुसरीची वाटते. म्हातारबा तो गुडघा घेऊन माझ्या टोकाला येऊन पोहोचले. मिड-ऑफला नाडी आणखी बांधता येईना, त्याने चेंडू पलीकडच्या टोकाला यष्टिरक्षकाकडे दिला. यष्टिरक्षक चेंडू हातात घेऊन नुसता उभा राहिला. यष्ट्या पाडेना. ओरडून म्हणाला, "ये ना रे पोरा, मी थांबलोय." मी क्रीझ सोडली असती तर फार तर मी बाद झालो असतो आणि म्हातारबा टिकले असते. वेळ भरपूर होता. पंच दोनदा खोकले. मी उभा राहिलो, कारण मी चौऱ्याण्णववर होतो. शेवटी यष्टिरक्षकाने, प्रेतापुढे टोपी काढावी तशा, बेल्स उचलल्या. येंडल, धावबाद, शून्य. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या पायावर खेळ," आणि बाजूच्या फाटकातून गेले.

मी आणखी तीन धावा केल्या आणि त्रिफळाचीत झालो. त्या दिवशी लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या त्या तेव्हाच. तीन आठवड्यांत युद्ध सुरू झाले. सत्त्याण्णव हा माझा उच्चांक आहे आणि बहुधा तोच राहील.

म्हणून बॅटीबरोबर मी म्हातारबांना माझ्या सत्त्याण्णवातली एक धाव देत आहे. वहीत व्हाउल्स शहाण्णव आणि येंडल एक असे करावे. मिस्टर टट यांचे म्हणणे असे की धाव ही स्थावरही नाही आणि जंगमही नाही, आणि सही झालेल्या वहीला राजानेही हात लावायचा नसतो. मी म्हणालो, पेन्सिलीने करा. ते म्हणाले, पेन्सिलीचे नाव काढू नकोस. आमचा त्यावर अर्धा तास गेला. त्यांनी वही बदलली नाही आणि मी कलम बदललेले नाही.

कलम पाचवे: पत्रे. आईच्या घरी एका बिस्किटाच्या डब्यात एकेचाळीस पत्रे आहेत. ती मी ऑलिव्ह येंडलला लिहिली आणि टपालात टाकली नाहीत. ती तिला द्यावीत. त्यांत एक कविता आहे. ती आधी काढून जाळावी. ऑलिव्ह हल्ली बसवर कंडक्टर आहे. गुरुवारी मी मुद्दाम तिच्या बसमध्ये चढलो. तिने तिकिटाला भोक पाडले आणि पुढे गेली. मी शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथून परत आलो, पुन्हा तिकीट काढले. तिने पुन्हा भोक पाडले. ती दोन्ही तिकिटे डब्यात आहेत. तीही तिचीच.

कलम सहावे: देह. सापडल्यास ब्रॅम्बरीला आणावा, पण मैदानात पुरू नये. म्हातारबा म्हणतात, उंचवटा आला की चेंडू उसळतो.

कलम सातवे: पेन्सिल. ~~धाववहीसाठी माझी जुनी पेन्सिल मिस्टर टट यांना~~ हे खोडले आहे, कारण मग त्यांना साक्ष करता येईना.

साक्षीचा मजकूर. सहीच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, म्हणून जे घडले ते वरच लिहितो. मिस्टर टट यांना हे पसंत नाही.

आज रविवार. आम्ही दोघे दुपारी धावफलकाच्या खोलीत बसलो आणि दुसरा साक्षीदार कोण, याचा विचार करू लागलो. आईला शिल्लक दिलेली. म्हातारबांना बॅट दिलेली. फॅन्शॉसाहेबांना खिळा. मिस्टर टट म्हणाले, "व्हाउल्स, तू गावात एक माणूस असा ठेवला नाहीस, ज्याला काही दिले नाहीस." बाकीचे सगळे पलटणीत आहेत.

तेवढ्यात ऑलिव्ह वडिलांसाठी चहाचा डबा घेऊन आली, कमरेला तिकिटांचे यंत्र तसेच. मिस्टर टट यांनी दार उघडून तिला सांगितले, एक सही हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असेही ते म्हणाले. तिने कागद हातातून घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. बाहेर म्हातारबांच्या रोलरच्या बारा फेऱ्या झाल्या. मी फलकाचे पत्र्याचे आकडे क्रमाने लावत होतो. शून्ये फार निघाली.

वाचून झाल्यावर ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "फॅन्शॉ केकच्या ताटलीवर बसला होता. उठला तेव्हा अख्खा केक मागे चिकटलेला. त्याला हसत होते मी."

मी आणखी एक शून्य रांगेत लावले.

"आणि तुला हाक ऐकू आली होती."

"हो."

तिने खिडकी उघडली. "बाबा, याला हाक ऐकू आली होती. चौऱ्याण्णव सोडवेनात म्हणून हलला नाही."

म्हातारबांनी रोलर थांबवला नाही. "माहितेय मला," ते म्हणाले. "चौऱ्याण्णववर असताना राजा पळत आला तरी क्रीझ सोडायची नसते. मीही सोडली नसती. पण गलका होता म्हणाला, ते बरं नाही केलं. लोक बिचारे चर्चमध्ये बसावेत तसे बसले होते."

ऑलिव्हने खिडकी लावली आणि दौतीकडे हात केला. मिस्टर टट घाईने म्हणाले, "मिस येंडल, साक्ष केलीत तर पाचव्या कलमातलं तुम्हाला काही मिळायचं नाही. पत्रं नाहीत, तिकिटंही नाहीत."

"वाचलंय मी," ती म्हणाली. "हा मेला तर मला याचं काहीच नको. पत्रं द्यायची असतील तर स्वतः आणून दे, लेन. कवितेसकट."

मी म्हणालो, डबा घरीच आहे, आत्ता धावत जाऊन आणतो.

"आत्ता नको," ती म्हणाली. "परत आल्यावर."

सबब पाचवे कलम आणि त्यातली कविता जाळण्याची सूचना मी रद्द करतो. बाकीचा मजकूर कायम. खिळ्याबद्दल फॅन्शॉसाहेबांची माफी मागतो, पण खिळा त्यांनी ठेवावा. पँट कशी टांगावी हे त्यांना कधीतरी कळले पाहिजे.

या दोघांच्या देखत मी, आणि माझ्या व एकमेकांच्या देखत या दोघांनी, सह्या केल्या आहेत.

लेनर्ड जॉर्ज व्हाउल्स

साक्षीदार:
१. हर्बर्ट टट, वकिलाच्या कचेरीतील कारकून व धाववहीलेखक. (धाववही बदललेली नाही. ह. ट.)
२. ऑलिव्ह येंडल, बस कंडक्टर. (मला यातले काही मिळणार नाही, हे वाचून आणि समजून. ऑ. ये.)

धावफलकाची खोली, काउंटी मैदान, ब्रॅम्बरी
रविवार, १६ मार्च १९४१