झोफ्काबाईंच्या भरवशावर नऊ रोपं

१५ मे, दुपार

प्रिय अल्बिनाताई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी की गेले चार दिवस मी बराचसा वेळ वाफ्यात आडवाच असतो आणि कंबर सरळ व्हायला तयार नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? कोपर शहरातला समुद्र, मुलीच्या घरची चौथ्या मजल्यावरची बाल्कनी, सकाळचं ऊन, तुझं बरं चाललंय. तुमच्याकडे म्हणे मटार खाऊन संपलेसुद्धा. आमच्याकडे आज सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला. आपण दोघं एकाच देशात राहतो असं शाळेत शिकवलं होतं, त्याबद्दल मला आता शंका येऊ लागली आहे.

मार्चमध्ये तू आईच्या टोमॅटोचं बी पाठवलंस, ते पोचलं होतं. बारा बिया होत्या, नऊ उगवल्या. सोबतच्या चार ओळींच्या चिठ्ठीत तू तीनदा लिहिलं होतंस की पंधरा मेची संत झोफ्का होऊन गेल्याशिवाय रोपं बाहेर लावू नकोस, आणि चौथ्या ओळीत लिहिलं होतंस की हे शेवटचं बी आहे, यानंतर आईचा टोमॅटो जगात कुठे नाही. वाचून फार बरं वाटलं. सदुसष्टाव्या वर्षी आपल्यावर कुणी इतका विश्वास दाखवतं, असं सुख सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आता एप्रिलअखेर इथे काय ऊन पडलं ते तुला ठाऊक नाही. शेजारचा रिहार्ड (तोच, जंगलखात्यातून निवृत्त झालेला आणि आता आमच्या कुंपणावर नेमणूक झालेला) बनियनवर फिरत होता, आणि ते दृश्य पाहिल्यावर थंडी परत यायची हिंमत करेल असं कुणालाही वाटलं नसतं. तरी अख्खं गाव हाताची घडी घालून बसलेलं. का, तर बारा मेला पांक्रात्सी, तेराला सेर्वात्सी, चौदाला बोनिफात्सी, असे तीन बर्फाळ संत अजून यायचे आहेत आणि त्यांच्या मागून पंधराला मुतकी झोफ्का. (पाऊस घेऊन येते म्हणून हे नाव. मी ठेवलेलं नाही, तेव्हा नाक मुरडू नकोस.) मी म्हटलं, ही मंडळी जाऊन सतराशे वर्षं झाली. जिवंतपणीसुद्धा कुणी कामावर इतक्या वेळेवर येत नाही, हे मी छत्तीस वर्षांच्या नोकरीवरून सांगतो. आणि तीन तारखेला नऊच्या नऊ रोपं वाफ्यात लावून टाकली. झ्द्राव्काने फक्त नाकाने श्वास सोडला. आमच्या संसारातला बराचसा संवाद असाच होतो.

बारा तारखेला हवा फिरली. रेडिओवरच्या बाईने इतक्या आनंदाने गारठ्याची बातमी दिली, की तिची बाग नसणार हे उघडच होतं. मी संध्याकाळी घरातल्या सगळ्या बादल्या, कढया, दोन दुलया आणि झ्द्राव्काच्या आईने लग्नात दिलेला पलंगपोस वाफ्यावर नेला. (पलंगपोसाबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल, किंवा वकील बघावा लागेल.) रिहार्ड खिशात हात घालून कुंपणाशी उभाच होता. म्हणाला, "सिरिल, टोमॅटो आजारी आहेत की बाळंतीण?" मी पुढची बादली उपडी घातली. ज्या माणसाने अजून एक कांदासुद्धा लावलेला नाही, त्याच्याशी शेतीवर काय बोलायचं?

तेरा तारखेला मी शास्त्रीय मार्ग धरला. ओल्या पेंढ्याचा धूर केला की गारठा खाली उतरत नाही, असं आपले आजोबा सांगायचे. धूर उत्तम झाला. इतका उत्तम, की गावचं अग्निशमन पथक बंबासकट दारात हजर. सगळे गावातलेच स्वयंसेवक, आणि पथकाचा प्रमुख कोण, तर रिहार्ड. कुंपणापलीकडून हाक मारली असती तरी चाललं असतं, पण साहेब शिरस्त्राण घालून, भोंगा वाजवत, गावाला वळसा घालून आले. पेंढा विझवला, घेवडा तुडवला आणि मग रीतीप्रमाणे प्लमची दारू पिऊन, सणासाठी केलेली पोटिका, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, संपवून गेले. झ्द्राव्काने त्यांना आग्रह करकरून वाढलं, हे मी नमूद करून ठेवतो.

आणि ताई, चौदा तारीख उजाडली तेव्हा रोपं टवटवीत. तिन्ही संत आले, हात हलवत गेले. मी गावभर फिरून आलो. जरा बोललोही असेन. संध्याकाळी डोंगरावर ढग दिसले, तेव्हा मी विचार केला की उद्या झोफ्का. झोफ्का म्हणजे पाऊस. ही गोष्ट आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालासुद्धा माहीत आहे. मग कोवळ्या रोपांना पावसाच्या पाण्यापासून वंचित का ठेवायचं? मी बादल्या उचलल्या, दुलया झटकल्या, पलंगपोसाची घडी घातली. झ्द्राव्का दारात उभी होती. म्हणाली, "संतांवर तुमचा विश्वास नाही, मग हिच्यावर कसा बसला?" मी सांगितलं, हा विश्वास नव्हे, हा अनुभव.

रात्री ढग गेले. सकाळी आभाळ निळंशार आणि गवत पांढरं. पाऊस एक थेंब नाही. इतकी वर्षं न चुकता भिजवणाऱ्या बाईंनी यंदाच कोरडं राहायचं ठरवलं. असो. कांद्याला काही झालेलं नाही, कोबी नेहमीसारखा निर्विकार आहे. एकूण बाग ठीक म्हणायची. भाचीला आशीर्वाद. गुडघ्यांना जप.

तुझा भाऊ,
सिरिल

ता. क. नऊच्या नऊ गेली. वर लिहायचा धीर झाला नाही. पानं उकडल्यासारखी काळी होऊन मान टाकून पडली आहेत. रोज सकाळी मी त्यांची पानं चुरडून वास घ्यायचो, आईच्या हाताला उन्हाळाभर यायचा तोच. आज खूप रडलो. आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही.

ता. क. २. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच. आई टोमॅटोचं बी कागदावर वाळवून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायची. ते पुस्तक तुझ्याकडे आहे. एकेक पान उघडून बघशील का? शिवणीत एखादं बी अडकलं असेल. एक पुरे. मिळालं तर माझ्याकडे पाठवू नकोस, तूच कुंडीत लाव. फक्त मला कळव.

वन्सं, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं, म्हणून जागा होती तिथे लिहिते. पुस्तक उसवू नका. सासूबाईंची नऊही रोपं कपडे धुवायच्या खोलीतल्या खिडकीत आहेत, चांगली वीतभर झालीत. एप्रिलमध्ये ऊन पडलं आणि ह्यांची चुळबुळ मी ओळखली. त्याच शनिवारी बाजारातून दुसरी नऊ आणून ह्यांच्या कुंड्यांत लावून ठेवली. त्यांचाच वास घेत होते रोज. धुण्याच्या खोलीत ह्यांनी लग्न झाल्यापासून पाऊल टाकलेलं नाही, त्यामुळे काळजी नाही. आज सकाळी वाफ्याशी बसून रडले, तेव्हा मला बघवेना. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. पण रिहार्ड म्हणतो, रविवारपर्यंत गारठा आहे, आणि सांगितलं असतं तर ह्यांनी आजच लावली असती.

तुमची,
झ्द्राव्का