डाव, झारा, उलथणं आणि रोशनी

प्रिय आई,

आज दुपारी जेवताना आपल्या घरात मोठं भांडण झालं. तुम्ही असता तर आधी कपाळाला हात लावला असता आणि मग पदराने डोळे पुसले असते! तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून भांडी तशीच सिंकमध्ये टाकून लिहायला बसले आहे. रागावू नका.

रोशनी आली, आई. दत्तकासाठी आम्ही नाव नोंदवलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांत तुम्ही एकट्याच म्हणाला होतात, "आलं की आपलंच." आणि ती यायच्या आधीच तुम्ही निघून गेलात! तुमचा अमित कामावरून आल्याशिवाय तुम्ही कधी पान वाढून घेतलं नाहीत, मग याच वेळी कसली एवढी घाई होती?

चार वर्षांची आहे, झारखंडची. काटकुळी, आणि इतकी शहाणी की आपल्यालाच भीती वाटावी. वाढलं ते खायची, अगदी कारलंसुद्धा! ताट पुसून स्वच्छ करायची आणि विचारायची, "अब क्या करूँ, आंटी?" सोसायटीत सगळे म्हणायचे, किती गुणी मुलगी! मला मात्र वाटायचं, एवढंसं पोर हट्टच करत नाही, म्हणजे काय?

आम्ही तिच्याशी हिंदीत बोलायचो. आपली मीरा रोडकरांची खोडच ना ती! समोरचा जरा परका वाटला की जीभ आपोआप हिंदीवर जाते. रिक्षावाला, वॉचमन, दूधवाला, आणि त्यांच्याच रांगेत आमची लेक! आपापसात मात्र मराठी. एकदा गॅसचा नंबर लावायला कोण विसरलं यावरून आमची दोघांची जुंपली होती. वळून बघतो तर रोशनी चपला घालून दारात उभी. आपल्याला परत पाठवायचं ठरतंय, असं वाटलं तिला. तिला न कळणाऱ्या भाषेत आम्ही दुसरं काय ठरवणार होतो?

अमितने तिला उचलून घेतलं, "कहीं नहीं भेजेंगे" म्हणून परत परत सांगितलं. ती "जी" म्हणाली. वॉचमनही "जी"च म्हणतो.

शेवटी शेजारच्या हंसाबेननीच माझे कान उपटले. "अरे मेधा, आपली छोकरीशी हिंदी काय बोलते? तुझी सासू माझ्याशी एक दिवस तरी बोलली काय हिंदी?" खरंच की! या पूनम सागर सोसायटीत राहायला आल्यापासून तुम्ही त्यांच्याशी मराठीच बोललात, आणि त्यांची नातवंडं तर तुमच्या ओट्यापाशीच मराठी शिकली. मला वाटायचं, म्हातारीला दुपारचा विरंगुळा. माफ करा हं, पण वाटायचं!

ही शिकवायची पद्धत तुम्ही मला नीट सांगून का नाही ठेवलीत? बाहेर सोफ्यावर बसून कानावर पडलेलं आठवून आठवून जुळवावं लागलं. आधी वस्तू हातात द्यायची, मग काम सांगायचं, नाव त्या कामातच येऊ द्यायचं. याला काय म्हणतात, असं मात्र कधी विचारायचं नाही. "पोराला परीक्षेला बसवू नये, कामाला बसवावं," असं म्हणायचात तुम्ही.

मग मी तुमची रोवळी काढली. "ही घे रोवळी, तांदूळ धुऊया." पुऱ्या तळताना झारा दाखवला, धिरडं उलटताना उलथणं हातात दिलं, आमटी ढवळायला डाव. लाटणं दिलं तर ती हळूच म्हणाली, "बेलन." मी म्हटलं, "हो, बेलन. आणि लाटणंसुद्धा." हेही तुमचंच. मुलाचा शब्द काढून घ्यायचा नाही, त्याच्या शेजारी आपला ठेवायचा.

बरेच दिवस काहीच नाही. काम करायची, बोलायची नाही. मी रात्री अमितपाशी कुरकुर करायचे. आणि एके दिवशी सकाळी ती ओट्यावरून त्याला म्हणाली, "बाबा, झारा दे ना." बाबाने गडबडीत तिला उलथणं दिलं, तर म्हणते, "हे नाही, झारा!" त्या आठवड्यात आंटीची आई कधी झाले, ते मला कळलंसुद्धा नाही.

आता आजचं ऐका. मोरवा गावच्या भाजीवाल्या मावशी "कवला हाय, घे बाय" म्हणत परत कोवळा दुधी गळ्यात मारून गेल्या. मी चण्याची डाळ घालून भाजी केली, वाढली. रोशनीने एक घास घेतला आणि ताट ढकललं.

"नको!"

"काय झालं?" मी विचारलं.

"सारखा दुधी! मी नाही खाणार. मला तूप-पोळी दे!"

"असं नाही बोलायचं," मी आवाज चढवला. खोटं कशाला सांगू, सवयीने चढला! मग वाटलं, आता ही गप्प होणार, परत "जी" म्हणणार.

कसली गप्प होतेय! "तूच ओरडू नको," म्हणाली, तरातरा उठली, ओट्यावरचा डाव आणला आणि आपल्या ताटातली भाजी परत पातेल्यात टाकून मोकळी झाली. उष्टी भाजी पातेल्यात, आई! तुमच्या स्वयंपाकघरात!

अमित पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी हसत होते आणि रडतही होते. किती महिन्यांचं ओझं उतरलं म्हणून सांगू! जिला परत पाठवतील अशी भीती असते, ती मुलगी असं ताट ढकलते का? तूप-पोळी खाऊन ती आता पंख्याखाली हातपाय पसरून झोपली आहे.

दुधी खायला तिला मी शिकवीन, तुम्ही काळजी करू नका. पण "नको" म्हणायचं तिला कधी विसरू देणार नाही, हा शब्द देते तुम्हाला.

आणि पातेल्यातली भाजी टाकणार नाही. रात्री मी आणि अमित तीच खाणार आहोत. पाहुण्यांचं उष्टं कुणी खात नाही, आई. लेकीचं खातात.

तुमची,
मेधा