परंतु वगळून

४ जानेवारी, सकाळी साडेअकरा

सचिवांनी बोलावून फाइल हातात दिली. व्यापाराची लायसन्सं, नादारी, आणि खाणी-पाणी-जंगल, अशा तीन विषयांचे सतरा जुने कायदे. त्यांचा मिळून एकच नवा कायदा करायचा. एकूण चारशे बारा कलमं आहेत, शंभराच्या आसपास आणा म्हणाले. मी म्हटलं, नव्व्याण्णव. बघतच राहिले.

सप्टेंबरात मी रिटायर होतो. हे काम वेळेत झालं तर मुख्य मसुदाकार म्हणून दोन वर्षांचं एक्स्टेंशन पक्कं. सचिव तसं बोलले नाहीत, पण मी निघताना त्यांनी स्वतः दार उघडलं. एकोणतीस वर्षं नोकरी केल्यावर माणसाला दार कळतं.

संकल्प: लिफ्ट बंद, चार मजले जिन्याने. चहात साखर नाही. डायरी रोज, आणि खरी.

५ जानेवारी

लिफ्टने गेलो. फाइलींचं ओझं होतं.

९ जानेवारी

सतराही कायदे वाचून झाले. (अकरा वाचले. सहा चाळले. खाणींचा कायदा चाळण्याच्याही लायकीचा नाही.) दुखणं कुठे आहे ते सापडलं. परंतु! कलम चांगलं सरळ चाललेलं असतं, आणि खाली कोणीतरी भित्रा माणूस लिहून ठेवतो: परंतु, अमुक असेल तर तमुक होणार नाही. त्या परंतुच्या पोटात आणखी एक परंतु. दोनशे सहा मोजले. ज्याला आपलं म्हणणं धड मांडता येत नाही तो परंतु लिहितो. सगळे काढणार.

१२ जानेवारी

योजना माझ्या हाताखालच्या सहायक बाईंना सांगितली. हुशार आहेत असं लोक म्हणतात. त्या म्हणाल्या, परंतु साहेब... मी तिथेच हात वर केला. म्हटलं, बघा, तुमच्या तोंडातसुद्धा तोच. आणि त्यांना परंतुबाई हे नाव ठेवलं. चहाच्या वेळेपर्यंत शिपायापासून सचिवांच्या पी.ए.पर्यंत सगळीकडे झालं. विनोदबुद्धी हा पुढारपणाचा गुण आहे.

१८ जानेवारी

घरात पुन्हा तोच विषय. घर वडिलांचं, वर आम्ही, खाली धाकटा भाऊ आणि त्याची बायको. स्वयंपाकघर एक. दोघी जावांना अकरा वर्षं वेगळी स्वयंपाकघरं हवी आहेत. दोघींचं एकमत होणारी ही एकच गोष्ट. मी आजही हाणून पाडली. म्हटलं, जो माणूस सतरा कायद्यांची मोट बांधतोय त्याच्या घरात दोन गॅस? बायको म्हणाली, मोट तुम्ही बांधता, ओढावी आम्हाला लागते. उत्तर सुचलं होतं, पण ती आत गेली.

२ फेब्रुवारी

आज कमाल झाली. ‘धारक’ या शब्दाच्या तीन कायद्यांत तीन व्याख्या. व्यापाराच्या कायद्यात धारक म्हणजे तो माणूस आणि त्याच्यासोबत एका स्वयंपाकघरात जेवणारे सगळे, कारण एकाच घराने पाच नावांवर पाच लायसन्सं घेऊ नयेत. नादारीच्या कायद्यात फक्त तो माणूस. खाणींच्या कायद्यात तिसरंच काहीतरी. मी पहिली व्याख्या उचलली आणि तिघांना लावली. अडीच पानं वाचली.

परंतुबाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं: दिवाळं एकाचं, जप्ती सगळ्या घरावर? मी खाली लाल शाईत लिहिलं: अनावश्यक. शिवाय दिवाळं हा शब्द खोडला. बाजारू आहे. माझ्या कायद्यात कोणाचं दिवाळं निघणार नाही. माणूस नादार होईल. शब्दात अदब हवी.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी सात

धाकटा वर आला होता. त्याची दगड कापायची फॅक्टरी आहे, आणि टेकडीमागे छोटी खाण. खाणीच्या परवान्याची सहा वर्षं अजून बाकी. विचारत होता, दादा, नवा कायदा येतोय म्हणतात, माझ्या परवान्याला काही होणार नाही ना? मोठं मशीन घ्यायचं मनात आहे, कर्ज काढावं लागेल, थांबू का? मी हसलो. म्हटलं, कायदा करतंय कोण? बिनधास्त घे. त्याचा चेहरा असा खुलला की मला लहानपणचा आठवला, मी त्याचे निबंध लिहून द्यायचो तेव्हाचा. भावजयीने चहा आणला. साखर घेतली. आनंदाच्या प्रसंगी हट्ट बरा नाही.

१० मार्च

दोनशे सहांतले एकशे चौऱ्याहत्तर गेले. आज खाणींच्या भागातला एक काढला: परंतु, यापूर्वी दिलेले परवाने त्यांची मुदत संपेपर्यंत चालू राहतील. काय हे बालिश लिहिणं! दिलेला परवाना दिलेला असतोच, तो काय लिहिलं नाही म्हणून परत घेतात? उद्या सूर्य उगवेल असंही लिहायचं का? काढला. हलकं वाटलं.

जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. तिथून लिफ्ट.

२७ मार्च

शेवटचा उरला होता, नादारीतला. परंतु, नादार व्यक्तीचे राहते घर, अंथरूण-पांघरूण, भांडी, धंद्याची हत्यारे आणि वह्या-पुस्तके यांवर जप्ती येणार नाही. शंभर वर्षांपूर्वीचं रडगाणं. कोणता अधिकारी माणसाखालचं अंथरूण ओढून नेणार आहे? माणुसकीला कलम लागत नाही.

परंतुबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, साहेब, बाकीचे सगळे काढा, एवढा एक राहू द्या. माझ्या वडिलांचं शिलाई मशीन याच ओळीने वाचलं होतं, त्या मशीनवर आम्ही तिघी बहिणी शिकलो. मी म्हटलं, घरगुती गोष्टी फाइलीत आणू नयेत. मग त्यांनी रीतसर टिपण लावलं. मी रीतसर लाल शाईत लिहिलं: अनावश्यक. त्या गेल्यावर थोडं वाईट वाटलं. मग जेवायची सुट्टी झाली.

१६ एप्रिल

कलमं एकशे एक भरली. चार कलमांची दोन केली, मध्ये अर्धविराम टाकून. नव्व्याण्णव! परंतु शून्य. एकट्याने टाळ्या वाजवल्या. शिपाई आत येऊन काय झालं विचारून गेला.

३० जून

सभागृहात अकरा मिनिटांत मंजूर. त्यातली चार मिनिटं माइक बंद होता. मंत्र्यांनी खात्यातील सर्वांचे आभार मानले. सर्वांमध्ये मी आलोच. नाव घेतलं नाही, ते समजण्यासारखं आहे, इतरांना वाईट वाटलं असतं.

धाकट्याचं मशीन आलं. बघायला गेलो. मोठा आवाज करतं. तो कामगारांना म्हणत होता, हे आमच्या दादांच्या भरवशावर.

३० सप्टेंबर

निरोप समारंभ. घड्याळ आणि चार भाषणं. एक्स्टेंशनचं पत्र आलं नाही. टपालात अडकलं असणार. मुख्य मसुदाकार म्हणून परंतुबाईंची ऑर्डर मात्र टपालात अडकली नाही. त्यांनी भाषणात माझ्याकडून खूप शिकले म्हटलं. काय शिकल्या ते सांगितलं नाही.

उद्यापासून कायदा लागू. उद्यापासून मी घरी. दोघे एकाच दिवशी सुरू होतोय.

६ ऑक्टोबर, सकाळी दहा

धाकट्याच्या खाणीला सील. इन्स्पेक्टर म्हणाला, तुमचा परवाना ज्या कायद्याखाली होता तो रद्द झाला, आणि जुने परवाने चालू राहतील असं नव्या कायद्यात कुठे नाही. नवा अर्ज करा. मी फोनवर त्याला झापलं. म्हटलं, दिलेला परवाना दिलेला असतो, एवढं तारतम्य नाही का? तो म्हणाला, तारतम्य आहे साहेब, ते कलमात दाखवा. ही नवी पिढी बोळ्याने दूध पिते.

धाकट्याला म्हटलं, आठ दिवसांत सोडवतो.

१५ ऑक्टोबर

पंधरा दिवसांत सोडवतो.

२१ नोव्हेंबर

अर्जांची रांग सातशे नव्वदवर आहे. आपला नंबर सातशे चौसष्ट. मशीन बंद, हप्ता चालू. कामगार गेले. फॅक्टरीच्या गेटवर कुलूप, आणि धाकटा रोज सकाळी डबा घेऊन तिथे जाऊन बसतो. मी त्याला सांगितलं, घरी बसत जा. तो म्हणाला, घरी तू असतोस.

कामाच्या ताणाने बोलला असेल.

८ जानेवारी

धाकट्याला नादार जाहीर करण्याचा आदेश आला. भाषा स्वच्छ आहे. एकही शब्द जास्त नाही. वाचताना क्षणभर समाधान वाटलं हे इथे खरं लिहितो, कारण डायरी खरी लिहायचं ठरवलं होतं. मग भावजय आदेश हातात घेऊन जिन्यावरच बसली आणि म्हणाली, नादार म्हणजे नक्की काय हो, भाऊजी? मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे दिवाळंच ना? मी म्हटलं, हो.

११ जानेवारी

आदेशासोबतची नोटीस आज नीट वाचली. जप्ती धारकाच्या सर्व मालमत्तेवर. धारक म्हणजे तो आणि त्याच्यासोबत एका स्वयंपाकघरात जेवणारे सगळे. म्हणजे वरचा मजलाही. म्हणजे मी.

बायकोने नोटीस दोनदा वाचली. अकरा वर्षं वेगळं स्वयंपाकघर मागत होते, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आजच करू वेगळं. ती म्हणाली, तारीख आदेशाची धरतात, तुम्हीच लिहिलंय, कलम अठ्ठ्याऐंशी. तिने माझा कायदा वाचला आहे हे मला आज कळलं. पूर्ण वाचणारी बहुधा एकटीच.

२० जानेवारी

धाकट्याला घेऊन ऑफिसला गेलो. लिफ्ट बंद होती. चारही मजले जिन्याने. संकल्प पुरा झाला म्हणायचा.

परंतुबाई माझ्या जुन्या खुर्चीत. उठून उभ्या राहिल्या, बसवलं, चहा मागवला. टोमणा मारतील असं धरून मी तीन उत्तरं तयार ठेवली होती, एकही लागलं नाही. म्हणाल्या, दुरुस्तीचा मसुदा मी ऑक्टोबरातच पाठवलाय, दोन्ही परंतु परत घातलेत आणि धारकची व्याख्या तोडून वेगळी केली आहे. पुढच्या अधिवेशनात येईल. मग थांबून म्हणाल्या, परंतु साहेब, तो पुढच्या लोकांना लागू होईल. मागच्यांना नाही.

धाकट्याने विचारलं, हे मुळात काढलं कोणी? बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावर उघडी असलेली जुनी फाइल मिटायला गेल्या. त्यांचं चुकलं एवढंच की हळू मिटली. टिपणाखाली लाल शाईत होतं: अनावश्यक. धाकटा माझं अक्षर ओळखतो. त्याच्या निबंधांच्या वह्या त्या अक्षराने भरलेल्या होत्या.

 घरी येईपर्यंत मी बोलत होतो. वरून दबाव होता, सचिवांनी आकडा दिला होता, अकरा मिनिटांत मंजूर केला त्यांचा काही दोष नाही का, असं सगळं. कोपऱ्यावर त्याने हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. त्याचीच मला भयंकर लाज वाटली.

१४ फेब्रुवारी, दुपारी चार

जप्तीचा अधिकारी आला. वयाने मोठा, नम्र, दारात चपला काढल्या. मी मनात म्हटलं, बघा, माणुसकी. आत आला आणि यादी करायला बसला. कपाटं तीन. टेबल एक. भांडी, लहानमोठी, बेचाळीस. गाद्या सहा. भावजय म्हणाली, गाद्याही? तो म्हणाला, ताई, मला काय हौस आहे? घराला कुलूप परवा. सामान उद्या सकाळी नेणार.

निरोपाचं घड्याळ त्याने कानाला लावून पाहिलं. चालू, असं लिहिलं.

मग ही डायरी उचलली. मी म्हटलं, तेवढी सोडा, खासगी आहे. तो म्हणाला, पूर्वी सोडता यायचं साहेब. अंथरूण, हत्यारं, वह्या-पुस्तकं यांच्यासाठी एक परंतु होता. आम्हालाही बरं पडायचं, घरातल्यांच्या तोंडाकडे बघता यायचं. नव्या कायद्यात कोणीतरी काढून टाकला. तुम्ही त्याच खात्यात होतात ना? कोणी काढला हो?

एवढ्या महिन्यांत माझ्या कायद्याबद्दल पहिल्यांदाच कोणी नाव विचारत होतं.

मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, दादा वेगळ्या सेक्शनला होते, त्यांना काही माहीत नाही.

अधिकारी बरं म्हणाला. उद्या सकाळपर्यंत राहू दे तुमच्याकडे म्हणून डायरी परत दिली, पण यादीत लिहिली. मी वाकून पाहिलं. डायरी, वापरलेली, एक.