पाठकोरा कागद

एकादशी, रविवार, संध्याकाळ

मंडळाकडून आलं: पेन एक, कोरे कागद दोन, फुकट. नारपोलीपर्यंत रिक्षा, वीस रुपये.

आज मंडळात लेखनाचा दिवस. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, मनात येईल ते लिहा." मी धाकट्या बहिणीबद्दल, कुसुमबद्दल, लिहीत सुटले. लहानपणी आम्ही एका ताटात जेवायचो, ते. दोन्ही कागद भरले. मागितला असता तर तिसरा मिळाला असता. पण मी हिशेबाच्या वहीतला घडी घातलेला पाठकोरा कागद काढला आणि लिहीतच राहिले. उलटून बघितलं नाही. इतकी कसली घाई?

बाईंनी सगळ्यांचे कागद दोरीला चिमट्यांनी टांगले. पंख्याच्या वाऱ्याने माझा उलटला. समोरच कुसुमची नणंद शोभा उभी. मोठ्याने म्हणाली, "वहिनीच्या छातीत गाठ हाय? आन आमाला ठाव न्हाय?"

कुसुमचंच पत्र होतं ते. तिच्या घरी फोन एकच, सगळ्यांच्या हातातला, म्हणून ती पत्र लिहिते. देवाची शपथ घातली होती, कुणाला सांगू नको म्हणून. शोभा तिथूनच कुसुमच्या घरी जायला गणेशपुरीच्या एसटीला गेली.

उपास आहे, खोटं कशाला लिहू? शोभा ओरडली तेव्हा क्षणभर मला हलकं वाटलं. महिनाभर मी गप्प बसले, तीही चूकच ना? देवापुढे कोणत्या चुकीची माफी मागू?

उद्याच्या पत्रात एवढंच लिहीन: कुसुम, पाठकोरा दिसला म्हणून वापरला गं. हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण डॉक्टरकडे कधी जातेस, ते उलट टपाली कळव.